न चढवलेली बाटली

कल्याणजवळच्या मोहन्याहून निघालेल्या दोन इको गाड्या सकाळी साडेनऊला ठाण्यातल्या हॉस्पिटलच्या दारात थांबल्या आणि त्यांतून बारा माणसं उतरली, तेव्हा वॉचमन खुर्चीवरून उठून उभाच राहिला. एवढी माणसं एकदम येतात ती बहुधा कुणाला शेवटचं न्यायला येतात, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. पण ह्यांचे चेहरे साखरपुड्याला आल्यासारखे होते. एकाने कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, एकीने केसांत अबोली माळली होती, आणि सगळ्यांच्या पुढे बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून सीताराम चालत होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मीराबाई हे बघत होती.

"आले बघ तुझे सासरे पलटण घेऊन," ती शेजारी बसलेल्या दीप्तीला म्हणाली.

दीप्ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. तिच्या मांडीवर शाळेची एक जुनी वही होती. यशूच्या छातीवर सोमवारी टाके पडले, तेव्हापासून ती त्या वहीत दर दोन तासांनी आकडे लिहीत होती: नाडी, ऑक्सिजन, लघवी, रक्त. आतल्या सिस्टरही आता तिने न विचारताच आकडे सांगत. पाच वर्षांच्या पोरीच्या हृदयाला जन्मापासून असलेलं भोक बुजवलं गेलं होतं, आणि आता आई वही लिहून ते बुजलेलं ठेवणार होती, असाच तिचा एकंदर आविर्भाव होता. मीराबाईला सुनेचं हे आवडे. रडण्यापेक्षा लिहिणं बरं.

सीतारामच्या बगलेतल्या त्या डब्याची मोहन्यात स्वतःची अशी एक पत होती. दर चौदा एप्रिलला विहाराच्या पटांगणात रक्तदानाचं शिबिर व्हायचं. मिरवणूक संध्याकाळी, आधी सकाळी रक्त, हा सीतारामने घालून दिलेला नियम. रक्त दिलं की कार्ड मिळे, ते पेढीत दाखवलं की बदल्यात बाटली मिळे, आणि ते कार्ड कुणी घरी नेत नसे. सीतारामच्या डब्यात टाकत. मग वर्षभर कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला अपघात झाला, की त्या घरचा माणूस येऊन डबा उघडून कार्ड घेऊन जाई. तो कोण, कुठला, कुणाच्या जातीचा, हे डबा विचारत नसे. गावाला पोसणारी रेयॉनची कंपनी बंद पडली, माणसं पांगली, डबा मात्र भरतच राहिला. सीतारामने स्वतः एकसष्ट वेळा रक्त दिलं होतं. वयाची पासष्ट वर्षं पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी आता बास म्हटलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

आणि हे सगळं कशातून उभं राहिलं, ते घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी, वंदना, तीन वर्षांची, तापाने फणफणून कल्याणच्या दवाखान्यात पडली होती. अंगातलं रक्त पार कमी झालं होतं. सीताराम बाटली आणायला मुंबईला धावला. दुपारी परत आला तो बाटली टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून, आणि दारात उभ्या असलेल्या मीराबाईने त्याला सांगितलं, "आत्ताच गेली."

गोष्ट एवढीच होती. थोरला जगन तेव्हा पोटात होता, धाकटा सुमित, दीप्तीचा नवरा, तर पाच वर्षांनी झाला, पण दोघांनाही ती आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवे. मीराबाईने ती कधी सांगितली नव्हती. सीतारामच सांगायचा, आणि ती पदराने भांडं पुसत ऐकून घ्यायची.

रक्त द्यायला आलेल्या अकरा जणांतला अकरावा जगन होता, आणि त्याचं येणं सगळ्यांत अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी यशूच्या हृदयातलं भोक डॉक्टरांना सापडलं, त्या रविवारी मोहन्याच्या घरात जेवताना तो बोलून गेला होता, "आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं. हे तिकडून आलं असणार." दीप्तीने ताट तसंच ठेवलं, पोरीला उचललं आणि ठाण्यात वर्तकनगरला स्वतःच्या घरी निघून गेली. त्यानंतर ती मोहन्याच्या घराची पायरी चढली नव्हती. सुमित एकटा यायचा आणि पाहुण्यासारखा बसून जायचा. पण यशूचा रक्तगट ए निगेटिव्ह निघाला, शोधायला जावं तर शंभरात एखादा, आणि घरात तो फक्त जगनचा होता. बापाने फोनवर एवढंच सांगितलं, "तुझा गट तोच आहे." जगनने डेपोत रजा टाकली आणि गाडीत बसला.

साडेदहाला तो जिना चढून वर आला. दंडावर कापसाचा बोळा, चेहरा कसनुसा. त्याला कुठं बसावं कळेना. दीप्ती उठली, पिशवीतून फ्रूटीचं पाकीट काढलं, नळी टोचली आणि त्याच्या हातात दिलं.

"बसा दादा. चक्कर येते कधीकधी."

जगन बसला. "यशू कशीये?"

"बरी आहे. नळी काल काढली. बोलते हळूहळू."

दोन वर्षांनी झालेलं बोलणं ते एवढंच. मीराबाईने खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं आणि मनातल्या मनात त्या फ्रूटीला हात जोडले.

घोटाळा सुरू झाला तो अकरा वाजता. डॉक्टर मैथिली कर्णिक बाहेर आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. मुलांच्या अतिदक्षता विभागाचं सगळं त्या बघत.

"आजचं हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार आलंय," त्या सुमित आणि दीप्तीला म्हणाल्या.

दीप्तीने वहीत लिहिलं. काल आठ पूर्णांक तीन होतं.

"म्हणजे कमी झालं," सीताराम मागून पुढे आला. "हरकत नाही डॉक्टर. रक्त तयार आहे. अकरा जण आलेत आमचे रक्त द्यायला. एक तर ए निगेटिव्ह आहे, सख्ख्या काकाचंच. चढवा."

"मी आज रक्त देणार नाहीये, आजोबा."

सीतारामला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तिचे ठोके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "बीपी चांगलं आहे, लघवी होतेय, हातपाय गरम आहेत. शरीराला ऑक्सिजन पुरत नसेल तर रक्तात एक आम्ल वाढतं, ते आम्ही सारखं तपासतो. ते वाढलेलं नाही. म्हणजे आहे तेवढं रक्त तिला पुरतंय. दुरुस्ती पूर्ण झालेलं हृदय असलं आणि मूल असं स्थिर असलं, तर सातपर्यंत आम्ही थांबतो. ती स्वतः भरून काढेल."

"पण असताना का नाही द्यायचं?"

"कारण रक्त हे औषध आहे, टॉनिक नाही. लागतं तेव्हा जीव वाचवतं. लागत नसताना दिलं तर त्याचेही त्रास असतात. ताप येतो, फुप्फुसांवर ताण येतो, पुढे कधी पुन्हा रक्त लागलं तर जुळवणं अवघड होतं. सातच्या खाली गेलं, किंवा तिची तब्येत जरा जरी बिघडली, तर मी कुणाला विचारत बसणार नाही, त्या मिनिटाला चढवेन. तिच्यासाठी एक बाटली जुळवून फ्रिजमध्ये ठेवलेली आहे."

"जगनची?"

"नाही. जवळच्या नातेवाइकांचं रक्त आम्ही शक्यतो मुलांना देत नाही. रक्त एकमेकांसारखं असलं तर क्वचित ते उलटतं. काकांचं रक्त पेढीत जमा होईल, दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल. ऑपरेशनच्या वेळी मशीनसाठी यशूला जे लागलं, तेही असंच कुणाचं तरी होतं."

"कुणाचं?" मीराबाईने मध्येच विचारलं.

"ते आम्हालाही माहीत नसतं, आजी."

मीराबाईने मान हलवली. कुणीतरी, कुठेतरी, हात लांबवून पडला असेल, बिस्किट खाऊन घरी गेला असेल, आणि त्याला पत्ताही नाही की वर्तकनगरची एक पोर त्याच्यामुळे उठून बसली आहे. तिने मनात त्याला म्हटलं, बाबा, तुझं भलं होवो, जिथं असशील तिथं.

डॉक्टर आत गेल्या आणि बाहेर भांडण सुरू झालं.

पहिला बोलला जगन. आवाज हळू होता, पण त्यात फार दुखावलेपण होतं. "माझं चालत नाही म्हणजे? आख्खी बाटली दिलेली मी."

"दादा, तसं नाही रे," सुमित म्हणाला. "त्या बोलल्या ना, नातेवाइकांचं..."

"सगळं आयुष्य ऐकतोय, घरच्याचं रक्त सगळ्यात भारी. आता हे नवीन."

"नवीन-जुनं मरू दे," सीतारामने डबा बाकावर आपटला. "मुद्दा तो नाही. पोरगी पांढरीफटक पडलीय. आकडा रोज खाली जातोय. आणि ही बाई म्हणते थांबू. कशाची वाट बघू? सुमित, तू बाप आहेस ना? जा आत, सांग, आम्हाला द्यायचंय."

सुमितने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. हा मुलगा लहानपणापासून असाच, मीराबाईच्या मनात आलं, पतंग कापला गेला तरी भांडण्याआधी मांजा कुणाचा ते विचारणारा.

"दीप्ती, विचारून बघूया का परत?" तो म्हणाला.

"विचारलं ना. सांगितलं ना त्यांनी." दीप्तीने वही उघडून धरली. "हे बघ, ठोके काल एकशे बावीस, आज एकशे बारा. रक्त कमी पडत असतं तर ठोके वाढले असते. सकाळी तिने दोन चमचे पेज खाल्ली. मला त्यांचं पटतंय."

"वहीत लिहून डॉक्टर होत नाही कुणी," सीताराम म्हणाला. आजवर तो सुनेशी इतकं तोडून कधी बोलला नव्हता. बोलल्यावर त्याचं त्यालाही लागलं असावं, पण तो थांबला नाही. "तुला ठाऊक नाही, पोरी, रक्ताला उशीर होणं म्हणजे काय. मला ठाऊक आहे."

दीप्तीने वही मिटली. वंदनाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण ती येऊन सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली होती. मेलेल्या लेकराशी वाद कोण घालणार?

"भाऊंना फोन लावू का?" जगनने मोबाईल काढला. भाऊ म्हणजे त्यांच्या वॉर्डाचे नगरसेवक. "त्यांची ठाण्यात ओळख आहे. एक फोन गेला की वरून सांगतील."

"लाव," सीताराम म्हणाला.

तेवढ्यात विभागाचं दार उघडलं आणि एक वॉर्डबॉय हातात रक्ताची पिशवी घेऊन आत गेला. लाल, भरलेली, टपोरी. सगळ्यांनी पाहिली. दाराच्या काचेतून दिसत होतं, ती यशूच्या खाटेवरून पुढे गेली आणि शेवटच्या खाटेशी थांबली. तिथे दीड वर्षांचा ऋतुराज होता, शहापूरकडचा.

"बघा," सीतारामचा आवाज चढला. "त्याला देतात. बघा, त्याला देतात. आमचे अकरा जण खाली हात टोचून घेतायत, आणि आमच्याच पोरीला नाही."

बाकाच्या पलीकडच्या टोकाला ऋतुराजची आई, प्राची, बसली होती. बारकीशी, विशीतली, अंगावर कुणाची तरी मोठी शाल. सोमवारपासून ती एकटीच होती. नवरा गावी दुसऱ्या लेकराजवळ राहिला होता. ती उठली आणि चालत थेट मीराबाईपाशी आली.

"आजी," ती म्हणाली, "मिळाली बाटली. तुमच्या कार्डावर दिली त्यांनी. माझ्याकडं रक्त द्यायला कोणच नव्हतं." आणि ती वाकली. मीराबाईने तिला खांद्याला धरून वरच्या वर उठवलं.

"कसलं कार्ड?" सीतारामने विचारलं.

मीराबाईला आता सांगणं भाग होतं. "सोमवारी तुम्ही डबा माझ्याजवळ ठेवून चहाला गेलेलात. ही रडत होती. म्हटलं, डब्याचा नियमच आहे तो. ज्याला लागेल त्याने घ्यायचं. एक काढून दिलं. शिबिर ह्याच पेढीचं होतं, चाललं."

सीतारामने डब्याकडे पाहिलं. त्याच्याच डब्याने त्याला तोंडघशी पाडलं होतं. पण माणूस हट्टाला पेटला की शहाणपण चार पावलं मागे राहतं.

"ते ठीक केलंस," तो म्हणाला. "पण मग त्याला का आणि हिला का नाही?"

उत्तर प्राचीनेच दिलं. "त्याच्या हृदयाला एकच कप्पा चालतो, आजोबा. दुरुस्ती अर्धीच झालीय, अजून दोन ऑपरेशनं आहेत. निळा पडतो तो. त्याला रक्त जास्तच ठेवावं लागतं, डॉक्टर बोलल्या." तिने यशूच्या खाटेकडे पाहिलं. "तुमच्या यशूला लागत नाही म्हणजे ती बरी होतेय. मला वाटतं, माझ्या पोराचं कधी असं होईल, की नको म्हणतील."

जगनचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला.

मीराबाईने नवऱ्याच्या हाताला धरलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि चारचौघांत तिने त्याचा हात धरला असं कधी झालं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "जरा बोलायचंय."

जिन्याच्या वळणावर एक सिमेंटचा कट्टा होता. खालून कॅन्टीनच्या रश्श्याचा वास येत होता. ती बसली, त्याला बसवलं. कसं सांगायचं ह्याचा विचार तिने चाळीस वर्षं केला होता, आणि आता वेळ आली तर त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"वंदू तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात गेली," ती म्हणाली.

"कुठं गेल्यावर?"

"मुंबईला. बाटली आणायला. तुम्ही कल्याण सोडलं नसेल अजून. नऊ वाजलेले."

"तू म्हणालीस, आत्ताच."

"म्हणाले."

"मी दोनला आलो. मीरा, मी दोनला आलो. तू दारात होतीस. म्हणालीस, आत्ताच गेली."

"तुमचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. चप्पल एकच पायात. बाटली लेकरासारखी धरलेली. डॉक्टर मला म्हणाले होते, ताप मेंदूत गेला होता, रक्त हाताशी असतं तरी राहिली नसती. ते मी तुम्हाला कसं सांगणार होते? की तुम्ही धावलात ते सगळं फुकट, आणि पाच तास मी तिला मांडीवर घेऊन बसलेय? मला वाटलं, आत्ताच म्हटलं तर तुम्हाला वाटेल, तुम्ही जवळजवळ पोचलात. बापाला तेवढं तरी असावं."

"जवळजवळ," सीताराम म्हणाला.

त्याची नजर पायरीवर होती. वरून कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं.

"दादरला एक गाडी माझ्या डोळ्यांसमोरून सुटली," तो म्हणाला. "ती मिळाली असती तर वीस मिनिटं आधी आलो असतो. चाळीस वर्षं मी ती गाडी चुकवतोय, मीरा. रोज."

मीराबाईला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. "मला तेव्हा कळलं नाही. कळलं तोवर तुम्ही शिबिर सुरू केलेलं. पहिल्या वर्षी सात बाटल्या. मग सदूची बायको वाचली, मग फाटकाजवळचा तो शाळेचा पोरगा. म्हटलं, आता खरं सांगितलं तर डबा बंद पडेल. मी चुकले का?"

सीताराम पायरीवरून नजर उचलून तिच्याकडे वळला. राग येणार, असं तिला वाटलं होतं, आणि तो यायलाच हवा होता. पण मग तो म्हणाला, "पाच तास तू एकटी होतीस."

"होते."

"मी नव्हतो."

"तुम्ही धावत होतात."

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे केला. स्वतःचे डोळे मात्र बाहीने पुसले. "मग आजच का सांगितलंस?"

"कारण तुम्ही आजपण धावताय," मीराबाई म्हणाली. "सोमवारपासून. आत एकेकाला पाच मिनिटं सोडतात. तुमची पाळी आली की तुम्ही खाली पेढीत, नाहीतर फोनवर, नाहीतर मोहन्याच्या गाडीत. एकदा तरी तिच्याजवळ बसलात? काल शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं, माहितेय? आजोबा कुठायत." मग तेही सांगून टाकलं. "वंदूनेही विचारलेलं. बाबा कुठायत. मी म्हटलं, येतायत."

सीताराम कट्ट्यावरून उठला, दोन पायऱ्या चढला, परत उतरला आणि पुन्हा बसला. मग बायकोच्या खांद्याला धरूनच उभा राहिला, आणि दोघं वर आली.

वर चित्र बदललं होतं. प्राचीला सुमितने वडापाव आणून दिला होता आणि ती तो खात होती. जगन दीप्तीच्या शेजारी बसून वहीत डोकं खुपसून बसला होता. मेकॅनिक माणूस, आकडे समोर आले की त्याला राहवत नाही.

"हा खालचा आकडा वाढला की वाईट?"

"हो. आणि हा कमी झाला की."

"मग हे तर बरंच आहे," जगन म्हणाला. मग वहीकडे बघतच म्हणाला, "दीप्ती, तेव्हा मी जे बोललेलो ना, तिकडून आलं वगैरे. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. चुकलं."

दीप्तीने पान उलटलं. "दादा, डॉक्टर म्हणतात, हे कुणाकडून येतच नाही बहुतेक वेळा. नुसतं होतं." आणि थोड्या वेळाने, "यशूला सांगते मी, काकाने बाटली दिली म्हणून."

"पण तिला कुठं दिली?"

"तिच्यासाठी दिलीत ना? तिच्याच खात्यात."

सीताराम समोर येऊन उभा राहिला. सगळे उठायला लागले. त्याने हाताने बसा म्हटलं.

"फोन लागला का भाऊंना?"

"नाही लावला," जगन म्हणाला.

"नको लावू." तो दीप्तीकडे वळला. "पोरी, मघाशी मी जे बोललो, ते मागं घेतो असं म्हणायची पण लाज वाटते. तू लिही. तुझी वही बरोबर आहे."

दीप्तीच्या डोळ्यांत तीन दिवस अडवून धरलेलं पाणी तेव्हा आलं. "बाबा, मला पण भीती वाटते हो. मला काय वाटत नाही का?"

"वाटणारच. आता सगळे मिळून वाटून घेऊ."

साडेतीनला पुन्हा तपासणी झाली. चारला डॉक्टर कर्णिक दारात आल्या आणि काही बोलायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखून दीप्तीने पेन उघडलं.

"सात पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. "स्वतःच वर चढतेय. आणि दाल खिचडी मागतेय, ती मात्र आज मिळणार नाही."

सुमित हसला आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जगनने त्याच्या पाठीवर थाप मारली. खाली थांबलेल्या मोहन्याच्या माणसांना फोन गेला, आणि खालून दोन इको गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. वॉचमनने त्यांना झापलं असणार.

"डॉक्टर," सीतारामने हात जोडले. त्याला बरंच काही म्हणायचं असावं. "रक्त दिलंत म्हणून खूप जणांचे आभार मानलेत मी आयुष्यात. नाही दिलंत म्हणून मानायची वेळ पहिलीच."

डॉक्टर हसल्या. "आभार त्या फ्रिजमधल्या बाटलीचे माना. ती होती म्हणून मला थांबायचा धीर झाला." मग दाराकडे हात करून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही अजून आत गेलाच नाहीत. चपला काढा, हात धुवा. आजींनाही घेऊन जा. आज दोघं चालतील."

सीतारामने आधी डब्याकडे पाहिलं. नंतर तो उचलून प्राचीच्या शेजारी बाकावर ठेवला. "जरा लक्ष ठेव," तो तिला म्हणाला. "कुणी मागितलं तर दे."

त्याने हात कोपरापर्यंत धुतले, दोनदा. आत यंत्रं बारीक आवाजात बोलत होती. यशू उशीवर टेकून बसवलेली होती, ओठ फिकट, गाल फिकट, पण डोळे पूर्ण उघडे आणि रागावलेले. मीराबाई खाटेच्या पायथ्याशी थांबली. उशाजवळची जागा तिने मुद्दाम सोडली होती. सीताराम खाटेजवळच्या स्टुलावर बसला, आणि नळ्या चुकवत पोरीचा हात आपल्या हातात घेतला. हात गरम होता. त्याने तो धरून ठेवला, दाबून पाहिला, पुन्हा धरून ठेवला.

"आजोबा," यशू म्हणाली. घशातल्या नळीने आवाज बसला होता. "कधी आलात?"

सीतारामने वर मीराबाईकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिने त्याच्या डोळ्यांत असं काही पाहिलं नव्हतं.

"आत्ताच," तो म्हणाला. "आत्ताच आलो, बाळा."